घोडा स्वतःचा, धनी दूरचा

टाळेबंदीनंतर तालुक्याच्या गावी बसून सिंगापूरच्या कंपनीचं काम करणं आता कुणाला नवलाचं वाटत नाही. बरेचदा लॅपटॉप स्वतःचा, वीज आणि नेटही स्वतःचं, आणि पगार देणारा मात्र समुद्रापार. अंबाजोगाईला तर ही रीत फार जुनी आहे. निजामी अमलात या गावाचं नाव मोमिनाबाद होतं. तिथे हैदराबाद कंटिंजंट या इंग्रजांच्या हुकमातल्या फौजेच्या घोडदळाची छावणी होती, आणि छावणीतला स्वार स्वतःच्या घोड्यानिशी चाकरीला उभा राहत असे.

तो शिलेदार. सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर. शिवछत्रपतींच्या लष्करात दोघेही होते, पण महाराजांचा भरवसा पागेवर जास्त होता, कारण तिथला घोडा सरकारचा आणि हुकूमही सरकारचा. इंग्रजांनी पसंत केली ती शिलेदारी. कारण उघड आहे, ती स्वस्त पडे. भरती होताना स्वाराने घोडा-सरंजामापोटी ‘असामी’ची रक्कम भरायची, मिळणाऱ्या पगारात घोड्याच्या दाणावैरणीचा खर्चही भागवायचा आणि दरमहा ‘चंदा’ फंडात वर्गणी टाकायची. घोडा मेला तर त्या फंडातून दुसरा उभा राही. धंद्यातली जोखीम चाकराच्या गळ्यात घालायची ही युक्ती कुण्या आधुनिक कंपनीने शोधून काढलेली नाही.

मोमिनाबादचे सगळे स्वार काही मराठवाड्यातले नव्हते. दख्खनी मुसलमानांबरोबर शीख आणि जाटही या घोडदळात भरती होत.

या फौजेच्या पगाराची कथा मोठी गमतीची आहे, निजामाला मात्र ती महागात पडली. हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल याने ही फौज इंग्रजी शिस्तीत बसवली. अधिकारी इंग्रज, हुकूम इंग्रजांचा, खर्च निजामाचा. निजामाचा कारभारी चंदुलाल याने तो भागवायला विल्यम पामरच्या पेढीकडून भारी व्याजाने कर्ज काढलं. पेढी बुडाली, पण फौजेची देणी तुंबतच राहिली. अखेर १८५३च्या तहाने निजामाला वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे मुलूख इंग्रजांच्या हवाली करावे लागले. धाराशिव आणि रायचूर १८६० साली परत मिळाले, वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिलं. म्हणजे वऱ्हाडातल्या कास्तकाराच्या शेतसाऱ्यातून अंबाजोगाईच्या शिलेदाराचा पगार निघत होता.

पण चाकरी कुठवर करायची? १८५७च्या उन्हाळ्यात हाच प्रश्न पेटला. मोमिनाबादचं पहिलं घोडदळ कॅप्टन ॲबटच्या हाताखाली औरंगाबादेला नेलं होतं. तिथे बातमी पसरली, की आपल्याला दिल्लीच्या बादशहावर चालून जायचं आहे. निजामाच्या हद्दीबाहेर जाणार नाही, असं स्वारांनी बजावलं. जूनमध्ये जनरल वुडबर्न फौज घेऊन औरंगाबादेत दाखल झाला. संशयितांची नावं पुकारली जात असताना मीर फिदा अली या दफेदाराने ॲबटवर गोळी झाडली. नेम चुकला. लष्करी न्यायालय तिथल्या तिथे बसलं आणि त्याला फाशी झाली. पुढच्याच वर्षी कंटिंजंटच्या तुकड्या इंग्रज सेनापती ह्यू रोजबरोबर थेट झाशी-काल्पीपर्यंत गेल्या. हद्दीची हरकत तेवढ्यावर संपली.

१९०२ साली वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचं इंग्रजांच्या भाडेपट्ट्यात गेलं. वर्षभरात कंटिंजंट मोडून तिच्या पलटणी हिंदी लष्करात मिसळल्या आणि या फौजेचं निजामाशी असलेलं नातं तुटलं.

शिलेदारी मात्र फ्रान्समध्ये मोडली. पहिल्या महायुद्धात, कंटिंजंटच्या घोडदळातून घडलेल्या डेक्कन हॉर्सचे स्वार १४ जुलै १९१६ रोजी सोमच्या आघाडीवर घोड्यांवरून धावून गेले. अशा लढाईतलं घोड्यांचं नुकसान स्वारांच्या वर्गणीतून कसं भरून निघणार? युद्धानंतर ती पद्धत रद्द झाली, घोडे सरकारी झाले.

पुढे ही पलटण आग्नेय आशियातही पोचली. १९४५च्या मार्चमध्ये ब्रह्मदेशातल्या मेक्तिलाच्या लढाईत रॉयल डेक्कन हॉर्सने शर्मन रणगाडे चालवले, तेही अर्थात सरकारी. त्याआधी, १५ फेब्रुवारी १९४२ रोजी, सिंगापूर पडलं तेव्हा शरण गेलेल्या सैन्यात १९व्या हैदराबाद रेजिमेंटची चौथी पलटण होती. तिची मुळं कंटिंजंटच्या पायदळात आणि त्याआधी एलिचपूरच्या नवाबाच्या शिबंदीत होती. आज मराठी अभियंते ज्या बेटावर नोकरीला जातात, तिथे ही पलटण १९३९ साली पोचली होती.