तोरणमाळचे तळे आणि उनपदेवाचे ऊन पाणी

आपल्या ह्या व्याख्यानमालेला नाव वसंताचे आहे. पण ती भरते तेव्हा वसंत बहुधा निघून गेलेला असतो आणि श्रोत्यांच्या हातांतले पंखे ग्रीष्माची ग्वाही देत असतात. तेव्हा एखाद्या थंड हवेच्या गावाची हकीकत सांगावी, त्या गावी तळे असावे, जमल्यास ऊन पाण्याचा झराही असावा, अशी चालकांची सूचना आली, यात नवल नाही. आम्ही सातपुडा निवडला. मात्र आधीच कबूल करतो की तळे आणि झरा ही दोन्ही एकाच गावी आम्हांला सापडली नाहीत. तळे डोंगरमाथ्यावर तोरणमाळला आहे आणि ऊन पाणी पायथ्याच्या बाजूस, शहादे तालुक्यातल्या दरा गावाजवळ उनपदेवास. मधल्या डोंगरात धडगाव. तिन्हींचा इतिहास मात्र एकच, असे फिरून आल्यावर आमचे मत झाले आहे.

प्रथम ऊन पाणी. उनपदेवाला गोमुखातून कोमट पाण्याची धार बारा महिने पडते. आम्ही गेलो तेव्हा एक म्हातारी आपल्या नातवाच्या पायावरची खरूज त्या धारेखाली चोळून धूत होती, आणि तो पोरगा पाणी भाजते म्हणून नव्हे तर आजीची नखे लागतात म्हणून ओरडत होता. 'ऊन' हा शब्द आपल्या भाषेत फार जुना, आणि जिथे जमिनीतून कढत पाणी आले तिथे लोकांनी तो गावाच्या नावात घालून ठेवला. पालीजवळचे उन्हेरे, दापोलीकडचे उन्हवरे, राजापूरचे उन्हाळे, किनवट तालुक्यातले उनकेश्वर, गुजरातच्या सीमेपलीकडची उनाई, ह्या सर्व ठिकाणी ऊन पाणी आहे. उनपदेवही दोन आहेत. दुसरे चोपडे तालुक्यात अडावदजवळ. तिथे शरभंग ऋषींसाठी रामाने बाण मारून पाणी काढले अशी कथा सांगतात, आणि तेच शरभंग ऋषी पार नांदेडकडे उनकेश्वरासही भेटतात. एका ऋषीने एवढी पायपीट का केली हे पुराणिकांना विचारावे. भूगर्भशास्त्रज्ञ म्हणतात की नर्मदा आणि तापी यांच्या खोऱ्यांत जमिनीला खोलवर जुन्या भेगा आहेत. पावसाचे पाणी त्यांतून खाली मुरते, खोलीतल्या उष्णतेने तापते आणि वाट मिळेल तिथे वर येते. ज्वालामुखीशी त्याचा आज संबंध नाही. आपल्या काळ्या दगडाचा लाव्हा निवून सुमारे साडेसहा कोटी वर्षे झाली.

शहाद्याहून तोरणमाळ पन्नासेक किलोमीटर. राणीपूर मागे पडले की चढ लागतो, आणि सात पायरीच्या घाटात मोटार एकावर एक अशी वळणे घेऊ लागते की खाली पाहणाऱ्याने देवाचे नाव घ्यावे आणि चालकाशी बोलू नये. माथा साडेतीन हजार फुटांहून उंच. वर पोहोचताच एकदम मोकळे पठार, झाडी, आणि मध्ये यशवंत तलावाचे पसरलेले पाणी. पलीकडे सीताखाईची दरी. पावसाळ्यात तिच्या कड्यावरून पाणी कोसळते. जवळच गोरखनाथाचे देऊळ, मच्छिंद्रनाथाची गुहा. महाशिवरात्रीला इथे यात्रा भरते, आणि महाराष्ट्र, मध्य प्रदेश व गुजरात या तिन्ही राज्यांतले आदिवासी, कित्येक तर पायी, डोंगर तुडवीत येतात.

आता प्रश्न असा की एवढे तळे, एवढी हवा असूनही तोरणमाळचे नाव आपल्या शाळेच्या पुस्तकांत का नाही? उत्तर आम्हांला खालच्या सपाटीवर मिळते. सुरतेहून बऱ्हाणपुरास जाणारा जुना रस्ता तापीच्या खोऱ्यातून, नंदुरबारवरून जाई. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादेहून खंबायतेकडे जाताना नंदुरबारला थांबला. तिथले मराठे कारागिरीत, वैद्यकात व ज्योतिषात निपुण आहेत असे त्याने लिहून ठेवले. १६१५ साली इंग्रजांचा वकील टॉमस रो सुरतेहून बऱ्हाणपुरास याच वाटेने गेला. पुढे ताव्हेर्निये आला. ह्या सर्वांच्या उत्तरेस सातपुड्याची निळी भिंत उभी होती. लिहिणारे पायथ्याच्या रस्त्याने गेले, म्हणून लिहिलेला इतिहासही पायथ्याशीच राहिला. डोंगरावरच्यांनी आपला वृत्तांत गाण्यांत आणि देवांच्या नावांत ठेवला, आणि तो वाचण्याची विद्या आम्हां पोथीपंडितांपाशी नाही.

इंग्रजी अंमल आला तेव्हा तरी डोंगराकडे पाहणारे आले. पण कसे पाहणारे? महाबळेश्वर माल्कमसाहेबाने १८२८ च्या सुमारास वसविले; माथेरान १८५० साली मॅलेटने शोधले म्हणतात. (तिथे राहणाऱ्या ठाकर-धनगरांना ते हरवले होते असे कधी वाटले नव्हते.) उन्हाळा काढायला साहेबाला डोंगर हवा होता. खानदेशचा सातपुडा मात्र त्याच्या दृष्टीने उन्हाळ्याचा डोंगर नव्हता, बंदोबस्ताचा होता. १८१८ नंतर भिल्लांशी लढाया झाल्या. १८२५ साली औट्रमने धरणगावास भिल्लांचीच पलटण उभारली. तरी डोंगर शांत झाला नाही. १८५७ च्या धामधुमीत खाज्या नाईक आणि भीमा नाईक उठले आणि एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीला मोठी लढाई झाली. ज्या डोंगराकडे पलटणी धाडायच्या तिथे कोणी बंगले बांधीत नाही. तोरणमाळचे तळे साहेबाच्या छत्रीखाली आले नाही, ते ह्यामुळे असावे असा आमचा तर्क आहे. झाले ते वाईट झाले असे मात्र आम्ही म्हणणार नाही.

खाली उतरून धडगावला गेलो. हे अक्राणी तालुक्याचे मुख्य ठिकाण. पूर्वी पश्चिम खानदेशात, मग धुळे जिल्ह्यात, आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात. चहूकडे डोंगर, त्यांतून उदई नदी नर्मदेकडे जाते. याच तालुक्यातल्या अस्तंभ्याच्या शिखरावर दिवाळीत अश्वत्थाम्याची यात्रा भरते; कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत तो अजून फिरतो म्हणतात. आम्ही गेलो ते आमचुराचे दिवस होते. उंबऱ्या-उंबऱ्यात बायका कैऱ्या सोलीत बसल्या होत्या, फोडी उन्हात वाळत होत्या, आणि बाजारात पोत्यांभोवती व्यापारी. शहरात चिमूटभर आमचूर भाजीत घालताना कोणाच्या लक्षात येत नाही की तो ह्या डोंगरांतून आलेला असेल.

बाजाराच्या कडेला चहा घेताना शेजारी बसलेल्या एका पावरा गृहस्थांनी कुठून आलात म्हणून विचारले. तोरणमाळचे तळे पाहून आलो, असे आम्ही जरा ऐटीत सांगितले. ते म्हणाले, "ते लहान तळे. मोठे तळे तिकडे खाली आहे. त्यात आमचे गाव आहे."

ह्या एका वाक्याने आमचे सगळे टिपण उलटे झाले. सरदार सरोवराची कोनशिला ५ एप्रिल १९६१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते बसली. १९७९ साली लवादाने निवाडा देऊन उंची ४५५ फूट ठरविली. १७ सप्टेंबर २०१७ ला धरणाचे लोकार्पण झाले आणि २०१९ साली पाणी प्रथमच पूर्ण पातळीला पोहोचले. धरण गुजरातेत, पण महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे त्याच्या पाण्याखाली आली. त्यांतले मणिबेली अनेकांना ठाऊक आहे, कारण तिथल्या संघर्षाच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या. बिलगाव किती जणांना ठाऊक असेल? तिथे उदईच्या धबधब्यावर गावकऱ्यांनी श्रमदान करून २००३ साली लहानसे वीजकेंद्र उभारले. घरांत दिवे लागले. २००६ च्या पावसाळ्यात फुगलेल्या पाण्याने ते नेले. विजेसाठी बांधलेल्या धरणाच्या पाण्यात वीजकेंद्र बुडावे, ही गोष्ट कोणा कादंबरीकाराने लिहिली असती तर आपण तिला ओढूनताणून आणलेली म्हटले असते.

धरणाने दूरच्या शेतांना पाणी दिले, तहानलेल्या गावांना प्यायला मिळाले, हे आम्ही नाकारीत नाही. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी. आमची तक्रार इतिहासापुरती. इब्न बतूता नंदुरबारवरून गेला याची नोंद सातशे वर्षे टिकली. नर्मदाकाठच्या पाड्यांत कोणते देव होते, कोणते शेत कोणी फोडले, होळी कुठल्या टेकडीवर पेटे, याची नोंद पन्नास वर्षेही टिकेल अशी तजवीज आपल्या मंडळांनी केलेली नाही. ती माणसे आज तळोदे-शहाद्याच्या बाजूच्या नव्या वसाहतींत आहेत. म्हातारी माणसे एकेक करून जात आहेत.

त्या गृहस्थांना आम्ही विचारले, तुमच्या गावाच्या आसपासचे पाडे कोणते? त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. आम्ही वही काढली. सात नावे भराभर आली. आठव्याशी ते अडले, कपाळाला हात लावून बसले. चहाच्या चुलीपाशी कैऱ्या सोलीत बसलेल्या बाईने मान वर न करताच ते नाव सांगितले, आणि मग नववेही.