हॅरिएट पॉवर्सच्या दोन गोधड्या

इतिहासाचें साधन म्हटलें कीं कागद, ताम्रपट, नाणीं हींच आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. त्या मालिकेंत गोधडी बसवूं म्हटल्यास पुष्कळांस हंसूं येईल. परंतु अमेरिकेंतील जॉर्जिया संस्थानच्या हॅरिएट पॉवर्स हिच्या ज्या दोन गोधड्या आज उपलब्ध आहेत, त्यांची छाननी साधन म्हणूनच केली पाहिजे.

ही बाई १८३७ सालीं अथेन्स गांवानजीक गुलामगिरींत जन्मली. यादवी युद्धानंतर मुक्त होऊन ती नवऱ्यासह शेती करून राहिली. १८८६ सालीं अथेन्सच्या कापूस-प्रदर्शनांत तिनें आपली गोधडी मांडली. कापडाचे तुकडे माणसें, पशु, सूर्य, तारे यांच्या आकारांत कातरून शिवलेले. एकंदर चौकोन ११, आणि त्यांत आदम-ईव्ह, याकोबाचें स्वप्न, ख्रिस्ताचें अखेरचें भोजन इत्यादि प्रसंग. जेनी स्मिथ या चित्रकला-शिक्षिकेनें ती विकत मागितली. बाईनें साफ नाकारलें. पांचएक वर्षांनीं ओढग्रस्त झाल्यावर मात्र तिनें १० डॉलर मागितले व ५ घेतले! विकतांना प्रत्येक चौकोनाचा अर्थ तिनें सांगितला आणि स्मिथबाईंनीं तो टिपून घेतला. पुढें आपली गोधडी पाहण्यास ती अनेकदां येत असे.

दुसरी गोधडी १५ चौकोनांची असून ती बॉस्टनच्या संग्रहालयांत आहे. तिच्याबरोबरही अर्थाचें टिपण आलेलें आहे. तींत बायबलाशेजारीं १३ नोव्हेंबर १८३३ चा उल्कापात आहे. तो पॉवर्सच्या जन्मापूर्वीं चार वर्षें झाला. अर्थात् ही मागील पिढीच्या तोंडून आलेली आठवण होय. दुसऱ्या एका चौकोनांत थंडीनें गोठलेलीं माणसें असून टिपणांत ‘गुरुवार, १० फेब्रुवारी १८९५’ असें दिलें आहे. जंत्री पाहतां त्या दिवशीं रविवार येतो. गुरुवार ७ तारखेस पडतो, आणि फ्लॉरिडांतील संत्र्यांच्या बागा ज्या थंडीनें करपल्या ती ७ तारखेच्याच सुमाराची. तेव्हां वार बाईचा व तारीख टिपणकाराची, असें मला वाटतें. बखरींतही वार, तिथि व सन यांचा असाच घोळ आढळतो. तेवढ्यानें बखर टाकाऊ ठरत नाहीं.

ही बाई निरक्षर होती असा समज दीर्घकाळ रूढ होता. तिच्या १८९६ च्या एका पत्राची नक्कल २००९ सालीं प्रसिद्धीस आली. तींत आपण वाचावयास शिकल्याचें व आणखीही गोधड्या शिवल्याचें तिनें स्वतः सांगितलें आहे. त्या गोधड्या मात्र अद्याप उजेडांत आलेल्या नाहींत.