वाऱ्याचे कारागीर

कवठे महांकाळ हा पर्जन्यछायेतला तालुका. पाऊस सह्याद्रीवरच रिता होतो. ढालगावच्या पठारावर पोहोचतो तो वारा. त्याच्याच भरवशावर तिथे पवनचक्क्या उभ्या राहिल्या.

वाऱ्यावर वीज करण्याचे देशातले पहिले प्रकल्प १९८६ मध्ये रत्नागिरी, ओखा आणि तमिळनाडूच्या किनारी भागात झाले. यंत्रे होती अवघ्या ५५ किलोवॉटची. यंत्र आधी आले, कारागिराचा विचार मागाहून. सौर ऊर्जेसाठी केंद्राची ‘सूर्यमित्र’ योजना आली ती २०१५ मध्ये; त्यात आयटीआय झालेल्यांना ६०० तासांचे प्रशिक्षण ठरले.

पवनचक्कीचा हंगाम जून ते सप्टेंबर. शेतकरी मृगाआधी मशागत उरकतो, तसे बोल्ट आवळणे, गिअरबॉक्सचे तेल पाहणे, पाती तपासणे वाऱ्याआधीच उरकावे लागते. शिकलेले हात तेव्हा गावातच हवेत.

यंत्राचे आयुष्य साधारण २० ते २५ वर्षे. एक मेगावॉट किंवा त्याहून लहान जुन्या यंत्रांच्या जागी मोठी यंत्रे बसवण्याची वाट २०१६ च्या केंद्रीय धोरणाने मोकळी केली. मोठ्या यंत्रांना माणसे थोडी लागतात, पण अधिक शिकलेली. तालुक्यातल्या मुलाच्या हाती राखणदाराची काठी येणार की तंत्रज्ञाचा पाना, हे यावेळी तरी यंत्र येण्याआधी ठरवायला हवे.