ओरेगनमधील स्वयंचलित मतदार नोंदणी

ओरेगनमधील स्वयंचलित मतदार नोंदणी ही शासकीय विभागांमधील माहितीच्या देवाणघेवाणीवर आधारित पद्धत आहे. गव्हर्नर केट ब्राऊन यांनी १६ मार्च २०१५ रोजी संबंधित विधेयकावर स्वाक्षरी केली आणि जानेवारी २०१६ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. अशी पद्धत स्वीकारणारे ओरेगन हे अमेरिकेतील पहिले राज्य होय.

कार्यपद्धती

वाहनचालक परवाना काढताना किंवा त्याचे नूतनीकरण करताना दिलेली माहिती वाहन विभागाकडून निवडणूक यंत्रणेकडे पाठवली जाते. पात्र नागरिकास टपालाने पत्र येते. २१ दिवसांत नकार न कळवल्यास नोंदणी होते. पक्ष न निवडणारे मतदार पक्षविरहित म्हणून नोंदले जातात व त्यांना प्रमुख पक्षांच्या प्राथमिक निवडणुकांत सहसा मतदान करता येत नाही.

त्रुटी

ओरेगनमध्ये मतपत्रिका टपालाने थेट मतदारांच्या घरी जात असल्याने यादीच्या अचूकतेला विशेष महत्त्व आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये नागरिकत्वाच्या पुराव्याविना हजाराहून अधिक व्यक्तींची नोंदणी झाल्याचे उघड झाले. काही परकीय पारपत्रांची नोंद अमेरिकी पारपत्र म्हणून होणे, हे त्याचे एक कारण होते. यांपैकी मोजक्याच व्यक्तींनी मतदान केले होते. नोव्हेंबरच्या निवडणुकीपूर्वी या नोंदी निष्क्रिय करण्यात आल्या.