११२ चा पैसा कुठून येतो आणि कुठे जातो?

आठवीच्या वर्गात आम्ही दरवर्षी एक प्रश्न विचारतो : घरात कुणी बेशुद्ध पडलं, आग लागली किंवा चोर शिरला, तर फोन कुठे लावाल? बहुतेक हात १०० साठी वर होतात. दोन-चार मुलं १०८ सांगतात. एखादी मुलगी "मामूंना" म्हणते आणि वर्ग हसतो. पण खरं सांगायचं तर आपल्या मोहल्ल्यात पहिला फोन मामूंनाच जातो. ११२ म्हणणारं मूल क्वचितच निघतं. हा नंबर देशभर चालावा म्हणून सरकारी तिजोरीतून शेकडो कोटी रुपये गेले आहेत. ते अनुदान कुठून आलं, कशासाठी होतं आणि त्याचा हिशेब कोण विचारू शकतो, एवढंच इथे मांडायचं आहे.

निर्भया निधीतून ११२

१६ डिसेंबर २०१२ च्या रात्री दिल्लीत धावत्या बसमध्ये एका तरुणीवर जो अत्याचार झाला, त्यानंतर २०१३ च्या अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी १,००० कोटी रुपयांचा निर्भया निधी जाहीर केला. या निधीचं वैशिष्ट्य असं की ३१ मार्च उलटला म्हणून त्यातली शिल्लक बुडत नाही. महिला व बालविकास मंत्रालयाच्या सचिवांच्या अध्यक्षतेखालची समिती प्रस्ताव तपासते आणि मग रक्कम मंजूर होते.

संकटाच्या वेळी बाईने कोणता नंबर लावायचा, हाच तेव्हा घोळ होता. पोलीस १००, आग १०१, रुग्णवाहिका १०८, महिलांसाठी १०९०, शिवाय प्रत्येक राज्याचे आणखी वेगळे. एप्रिल २०१५ मध्ये ट्रायने शिफारस केली की देशभर एकच नंबर असावा आणि तो ११२ असावा. युरोपने हाच आकडा १९९१ मध्ये ठरवला होता. गृहमंत्रालयाच्या या योजनेसाठी निर्भया निधीतून ३२१.६९ कोटी रुपये देण्यात आले. २८ नोव्हेंबर २०१८ रोजी हिमाचल प्रदेशात ११२ सर्वप्रथम सुरू झाला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये आणखी अनेक राज्यं जोडली गेली. तोवर २७८.६६ कोटी राज्यांना पोहोचलेही होते. महाराष्ट्रात मात्र ही सेवा २०२१ मध्ये आली. आपल्याकडचा फोन नवी मुंबईच्या केंद्रात जातो, तिथे भार वाढला तर नागपूरच्या केंद्रात. तिथून जवळच्या पोलीस गाडीतल्या पडद्यावर निरोप येतो.

१०८ चं खातं वेगळं आहे, हेही लक्षात असू द्या. ती रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली, ती आरोग्य खात्यामार्फत. ११२ लावून आजारपण सांगितलं तरी फोन पुढे १०८ कडेच जातो.

यंत्र येतं, माणूस येत नाही

आता अनुदानाने काय मिळतं ते पाहू. फोन घेणारं केंद्र, सॉफ्टवेअर (ते केंद्र सरकारच्या सी-डॅक या संस्थेने तयार केलं), नकाशे, गाडीतली यंत्रं. म्हणजे एकदाच विकत घ्यायच्या वस्तू. रात्री दोन वाजता फोन उचलणाऱ्या मुलीचा पगार, गाडीचं डिझेल, तीन वर्षांनी बंद पडलेल्या यंत्राची दुरुस्ती हा खर्च दर महिन्याचा असतो. पोलीस हा राज्याचा विषय, त्यामुळे हा बोजा राज्याच्याच डोक्यावर येतो. शाळेत काम करणाऱ्याला हे नवीन नाही. संगणक खोली अनुदानातून झकास उभी राहते, दोन वर्षांनी यूपीएसच्या बॅटरीला पैसे नसतात आणि खोलीला कुलूप लागतं.

दुसरी भीती आहे पैसा भलतीकडे वळण्याची. डिसेंबर २०२२ मध्ये एका इंग्रजी वृत्तपत्राने बातमी दिली होती. मुंबई पोलिसांनी निर्भया निधीतून ज्या २२० बोलेरो घेतल्या, त्यांपैकी काही गाड्या सत्ताधारी गटाच्या आमदार-खासदारांच्या बंदोबस्ताला लावल्या गेल्या होत्या, असं त्यात म्हटलं होतं. विरोधकांनी गदारोळ केला, काही दिवस चर्चा झाली, संपलं. या गाड्या थेट ११२ योजनेतल्या नव्हत्या, पण निधी तोच. बायकांच्या सुरक्षेसाठी आलेली गाडी पुढाऱ्याच्या मागे धावत असेल तर ती ठाण्यात नसते, एवढा साधा हिशेब आहे.

अमेरिकेने घातलेली अट

पैसा असा वळू नये म्हणून काय करता येतं, याचं एक उदाहरण अमेरिकेत सापडतं. तिथे ९११ हा नंबर १९६८ पासून आहे. त्याचा खर्च मुख्यतः फोनच्या बिलातून वसूल होतो. राज्य किंवा काउंटी दरमहा ठराविक शुल्क लावते. पुढे मोबाईल आले आणि पंचाईत झाली. घरच्या फोनचा पत्ता केंद्राला आपोआप दिसायचा, मोबाईलचा दिसेना. केंद्रं सुधारण्यासाठी २००४ मध्ये तिथल्या संसदेने अनुदानाचा कायदा केला. कागदावर दरवर्षी २५ कोटी डॉलरपर्यंतची परवानगी होती. प्रत्यक्षात हाती आले सगळे मिळून ४ कोटी ३५ लाख, आणि त्यांचं वाटप व्हायला २००९ उजाडलं. (सरकारी घोषणा आणि सरकारी चेक यांतलं अंतर फक्त आपल्याकडेच असतं असं नाही!) २०१२ च्या कायद्याने आणखी ११.५ कोटी डॉलर ठरले. त्यात सुधारणेच्या खर्चाचा ६० टक्क्यांपर्यंत वाटा केंद्राचा, बाकी राज्याने घालायचा. त्यातले जवळपास ११ कोटी डॉलर ऑगस्ट २०१९ मध्ये ३४ राज्यं आणि दोन आदिवासी राष्ट्रांना मिळाले.

आम्हाला त्यातली एक अट महत्त्वाची वाटते. ज्या राज्याने लोकांकडून ९११ च्या नावाने घेतलेलं शुल्क दुसऱ्या कामाला वापरलं, त्या राज्याला हे अनुदान नाही. तसं लेखी प्रमाणपत्र द्यायचं. अनुदान घेतल्यावर शुल्क वळवलं तर घेतलेली रक्कम परत करायची. शिवाय २००८ च्या कायद्याप्रमाणे तिथला दूरसंचार आयोग दरवर्षी संसदेला अहवाल देतो आणि शुल्क वळवणाऱ्या राज्यांची नावं त्यात छापतो. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी ही बडी राज्यं त्या यादीत वर्षानुवर्षं झळकली. लाज वाटून सगळी सुधारली असंही नाही, पण नाव चारचौघांत येतं.

आपल्याकडे उपयोगिता प्रमाणपत्र असतं. शाळेच्या अनुदानाचं ते आम्हीच भरतो, म्हणून सांगतो : रक्कम खर्च झाली का, हे त्यात येतं. वस्तू आज चालते का आणि कोण वापरतं, हे कळत नाही. निर्भया निधीत २०२४-२५ पर्यंत ७,७०० कोटींहून अधिक तरतूद झाली आणि त्यातले सुमारे तीन चतुर्थांश वापरले गेले, असं सरकारने सांगितलं आहे. त्यातला आपल्या ठाण्याच्या वाट्याला काय आलं, हे आपण विचारल्याशिवाय कळणार नाही.

विचारायचं कसं? माहितीच्या अधिकाराचा अर्ज, १० रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही माफ. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याला एवढंच विचारा : आमच्या ठाण्याला ११२ साठी किती गाड्या मिळाल्या, आज किती चालू आहेत, फोन आल्यापासून गाडी पोहोचायला सरासरी किती मिनिटं लागतात. उत्तराची मुदत ३० दिवस.

घरी काय सांगायचं

स्मार्टफोनचं पॉवर बटण पटापट तीनदा दाबलं, किंवा साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरलं तरी मदतीचा फोन लागावा, अशी सोय योजनेत आहे. अब्बांच्या फोनमध्ये ती चालू आहे का, हे आज तपासून घ्या. खेळ म्हणून मात्र दाबू नका, तेवढ्या वेळात दुसऱ्या कुणाचा फोन ताटकळतो. दादी-नानी उर्दूत बोलल्या तरी बिघडत नाही, हिंदी जाणणाऱ्याला ते समजतं.

खरी अडचण पत्त्याची असते. फोन घेणारी व्यक्ती नवी मुंबईत किंवा नागपुरात बसलेली असते, तिला आपल्या गल्ल्या ठाऊक नसतात आणि मोबाईलवरून कळणारी जागा अंदाजे असते. आमच्या शाळेमागची गल्ली नगरपालिकेच्या कागदावर एका नावाने आहे, लोकांच्या तोंडी दुसऱ्याच. मागच्या पावसाळ्यात एका विद्यार्थ्याच्या दादांना चक्कर आली तेव्हा गाडी मशिदीच्या पलीकडच्या रस्त्याला जाऊन थांबली. पोरगं अनवाणी धावत चौकात गेलं आणि गाडी घेऊन आलं. दादा बचावले, अल्हम्दुलिल्लाह. त्यानंतर आठवीच्या मुलांनी सतरा गल्ल्यांची दोन्ही नावं, जवळची खूण आणि मोठी गाडी कुठपर्यंत जाते, असं सगळं एका कागदावर लिहून काढलं. त्याची एक प्रत ठाण्यात दिली, पोच घेतली. दुसरी शाळेच्या दारावर चिकटवलेली आहे.