यवतमाळची गुजरी

वऱ्हाडातील एखाद्या गावी प्रथमच उतरलेल्या प्रवाशाने देवालय वा कचेरी पाहण्यापूर्वी तेथील बाजार पाहावा, असे माझे फार दिवसांचे मत आहे. आणि यवतमाळच्या बाबतीत तर ते मत आग्रहाचे रूप घेते, कारण या शहराचा लिखित इतिहास जवळजवळ सर्वस्वी कापसाने व्यापलेला असून येथील माणसे रोज खात काय होती, याचा पुरावा दप्तरखान्यात नव्हे, गुजरीतच, म्हणजे रोजच्या भाजीबाजारातच, शोधावा लागतो.

‘आईन-ए-अकबरी’त ‘योत लोहारा’ या नावाने या परगण्याचा उल्लेख सापडतो, आणि त्यातील लोहारा आजही शहराच्या पश्चिम अंगास नांदत आहे. पुढे 1853 च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केले, 1864 साली आग्नेय वऱ्हाडचा निराळा जिल्हा निर्माण झाला, त्यास नाव वणीचे मिळाले तरी ठाणे यवतमाळच्या पठारावर बसले, आणि 1905 साली दारव्हा व पुसद हे तालुके जोडले जाऊन जिल्ह्याचे नावही पालटले. पेठ प्रथम आणि अंमल मागाहून, हा पुष्कळ जुन्या कसब्यांचा क्रम. येथे मात्र पेठ भरभराटीस आली ती अंमलाच्या पाठोपाठ. कारकून, शिरस्तेदार, वकील आणि तारखेसाठी खोळंबलेले पक्षकार यांना तरी दोन वेळा पोटास लागतेच.

कापसाची कथा सर्वश्रुत असल्याने ती येथे आवरती घेतो. 1886 साली कारंज्याच्या बाजारास नियमांचे कुंपण पडले. 1897 साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. अडते आणि मापाडी यांस परवाने लागू लागले, देखरेखीस समित्या आल्या, आणि 1928 साली शेतीविषयक शाही आयोगाने हाच कित्ता इतर प्रांतांनी गिरवावा अशी शिफारस केली. कायद्याच्या नावात धान्य होते खरे, पण सरकारची दृष्टी रुईवर खिळलेली होती, हे सांगण्यास फारशा संशोधनाची गरज नाही. धान्य त्यानंतरही दीर्घकाळ पायलीनेच मोजले गेले. पायली गावागणिक बदलत असे, आणि माप शिगेचे द्यायचे की सपाट, यावर होणारी हुज्जत कोणत्याही समितीपुढे गेली नाही. भाजीवालीचा तर सरकारशी संबंध बैठकीच्या पावतीपुरताच: बाजाराच्या वसुलीचा लिलाव व्हायचा, ठेकेदार बोली जिंकायचा, आणि त्याचा माणूस टोपलीमागे पैसा उगवीत फिरायचा.

परंतु या पावतीबाहेर राहिलेले जग किती संपन्न होते! श्रावणात गुजरीत जावे: गोणपाटावर काटवलांचे हिरवे काटेरी ढीग, शेजारी तरोट्याच्या कोवळ्या पाल्याच्या जुड्या, आंबाडी, ढेमसे, आणि पावसाने साथ दिली असेल तर वारुळावर उगवलेल्या सात्या नावाच्या अळंब्या, ज्यांचा भाव ऐकून नवखा गिऱ्हाईक एक पाऊल मागे सरतो. “घ्या ना भाऊ, आताच तोडून आणली, सांबार (कोथिंबीर) वरून देतो,” असे म्हणत विक्रेती पारड्यात दोन काटवले अधिक टाकते. उन्हाळ्यात हीच जागा मोहफुले, चारोळी आणि टेंभरे यांनी भरते. पांढरकवडा, मारेगाव, झरी-जामणी या बाजूंच्या गोंड-कोलामांच्या रानातून हा माल येतो. मूठभर मिठाच्या बदल्यात चारोळी उचलण्याचा व्यवहार मध्य हिंदुस्थानच्या साऱ्या वनपट्ट्यास परिचित होता, आणि ज्या चारोळीने शहरातील श्रीखंड सजले तिचे मोल तोडणाराच्या पदरी किती पडले, हा प्रश्न खानेसुमारीच्या कोष्टकांत कोठेही बसत नाही.

त्या मिठाचा मार्गही पाहण्यासारखा आहे. आगगाडी येण्यापूर्वी ते बैलांच्या पाठीवरून लमाणांच्या तांड्यांनी देशभर वाहून नेले. 1867 साली नागपूरपर्यंत लोहमार्ग पोहोचला, यवतमाळ पक्क्या सडकेने धामणगाव स्टेशनाशी जोडले गेले, कालांतराने मूर्तिजापूरहून अरुंद रुळांची शकुंतला रेल्वे आली, आणि तांड्यांची लदेणी संपली. पुसद, दिग्रस, दारव्हा या मुलखात लमाण स्थिरावले, नांगर धरला, आणि पूर्वी जे दुसऱ्याचे धान्य वाहात ते स्वतःचे धान्य बाजारात आणू लागले. याच समाजातील, पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक 1963 साली मुख्यमंत्री झाले, आणि राज्याच्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांच्या कायद्यावरही तेच साल आहे.

त्या कायद्याच्या कक्षेतून फळे व भाजीपाला 2016 साली वगळण्यात आला, तेव्हा घाऊक अडत्यांनी राज्यभर बंद पुकारला. गुजरीतील बाईचा त्या कक्षेशी संबंध मुळातच नव्हता. तिला चुकवायची होती ती बैठक, आणि तीही सुट्या पैशांत.