मुंबई–लंडन हवाई मार्ग

भारतातील मुंबई व ग्रेट ब्रिटनची राजधानी लंडन या शहरांना जोडणारा आंतरराष्ट्रीय हवाई मार्ग. पृथ्वीच्या गोल पृष्ठावरून मोजलेले या दोन शहरांतील किमान अंतर सु. ७,२०० किमी. आहे. सुएझ कालव्यातून (१८६९) जाणारा सागरी मार्ग सु. ११,६०० किमी. लांबीचा असून आगबोटीस त्यासाठी दोन ते तीन आठवडे लागत. हवाई अंतर कायम असले, तरी प्रवासाचा काळ मात्र विमानांचा पल्ला, वारे आणि मार्गावरील राष्ट्रांची संमती यांनुसार बदलत गेला.

इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने ३० मार्च १९२९ रोजी लंडन–कराची सेवा सुरू केली. प्रवासी बाझेलपर्यंत विमानाने, तेथून जेनोआपर्यंत रेल्वेने, पुढे अलेक्झांड्रियापर्यंत जलविमानाने व नंतर पुन्हा विमानाने जात. या प्रवासास सु. सात दिवस लागत. विमानांचा पल्ला अल्प असल्याने वारंवार थांबून इंधन घ्यावे लागे व प्रवासी रात्री मुक्काम करीत. इराणच्या किनाऱ्यावरून उड्डाण करण्याची परवानगी पुढे न मिळाल्याने १९३२ मध्ये हा मार्ग इराणच्या आखाताच्या अरबी किनाऱ्यावर, बहारीन व शारजा येथे न्यावा लागला. त्याच वर्षी १५ ऑक्टोबर रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपाल आणले आणि मुंबई या मार्गाशी जोडली गेली.

स्वातंत्र्यानंतर ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान ३५ प्रवाशांसह मुंबईहून निघाले. कैरो व जिनीव्हा येथे थांबून ते १० जून रोजी लंडनला पोहोचले. दट्ट्यायुक्त एंजिनांच्या या विमानाचा वेग ताशी सु. ५०० किमी. होता. १९६० मध्ये आलेल्या बोईंग ७०७ या जेट विमानाने तो ताशी सु. ९०० किमी.वर नेला. १९७१ मध्ये आलेल्या बोईंग ७४७ मधून साडेतीनशेच्या आसपास प्रवासी जाऊ लागले. पुढे विमानांचा पल्ला वाढल्याने मधले थांबे अनावश्यक ठरले. त्यानंतर मात्र विमानांचा वेग फारसा वाढलेला नाही.

विनाथांबा प्रवासास मुंबईहून लंडनला नऊ ते दहा तास लागतात, तर परतीचा प्रवास त्याहून थोडा लवकर होतो. अतिउंचीवरील झोतवारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असल्याने येताना त्यांचे साहाय्य मिळते व जाताना त्यांचा विरोध होतो.

किमान अंतराची रेषा प्रत्यक्षात नेहमीच उपलब्ध असते, असे नाही. फेब्रुवारी ते जुलै ‌‌‌‌‌‌‌‌‌‌‌‌‌‌२०१९ या काळात पाकिस्तानने आपले हवाई क्षेत्र बहुतांशी बंद ठेवल्याने भारतातून यूरोपकडे जाणाऱ्या अनेक विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांवर पुन्हा तशीच बंदी आली. १९३२ मध्ये इराणच्या किनाऱ्याबाबत जे घडले, त्याचीच ही पुनरावृत्ती होय. विमानाचा पल्ला वाढल्याने मधल्या विमानतळांवरील अवलंबन संपले. मधल्या राष्ट्रांवरील अवलंबन मात्र कायम राहिले.